एक गाव, एक थांबा

बस थांबली नाही.

माय रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. बाबा तिच्या पुढं, हात वर करून उभे. मी मागं, तिची पिशवी धरून. नवी गाडी आली. पांढरी, चकाचक, काचा बंद. ड्रायव्हरनं आम्हाला पाहिलं. चांगलं मान वळवून पाहिलं. आणि गेला. धूळ सगळी मायच्या तोंडावर.

आणि गाडीच्या पाठीवर माझा बाप हसत होता.

खरं सांगते. मागच्या पूर्ण काचेवर त्याचा फोटो. डोक्यावर पांढरी टोपी, हात वर केलेला, सगळे दात दिसत होते. खाली मोठ्या अक्षरात, 'आता बस तुमच्या दारात'. दारातूनच गेली ती. आमच्या दारातून, आम्हाला टाकून.

बाबा पाहतच राहिले. हात खाली घ्यायचंही सुचलं नाही त्यांना. मग मायला म्हणाले, "मीच व्हतो का वो तो?"

"तुमीच," माय म्हणाली. "मले इथं ठिवून एकलेच निंगाले अमरावतीले."

आणि हसली. तिच्या तोंडावर सूज होती, हसली की डोळेच दिसायचे नाहीत. किडन्या गेल्या होत्या तिच्या. आठवड्यातून दोनदा अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिस. बस चुकली की डायलिसिस चुकलं. ते चुकलं की अंगात पाणी भरायचं, आडवं झालं की दम कोंडायचा, मग भिंतीला टेकून बसून राहायची बिचारी. तिचा जीव त्या एका गाडीवर होता. एवढं ध्यानात ठेवा, बाकी सगळं त्याच्यातूनच येतं.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं. नाव सांगत नाही. सांगितलं की लोक म्हणतात, त्याच गावात होत असेल असं, आमच्याकडं नाही. आमची बौद्धांची वस्ती गावाबाहेर, रस्त्याला लागून. पुढच्या गावाहून गाडी आली की आधी वस्ती लागते, मग देवळाचा चौक, मग सरळ अमरावती. जुनी गाडी वस्तीपुढं थांबायची. आम्ही आधी चढायचो. गाडी निम्मी रिकामी असायची. तरी पुढच्या सीटांवर बसायचं नाही. त्या चौकातल्या लोकांसाठी. कुठं लिहिलेलं नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं. लहान पोरालाही माहीत होतं, चढलं की सरळ मागं.

एकदा मला ताप होता. शाळेत होते मी तेव्हा, अंगात फणफण ताप. मागं गाडी आदळते म्हणून माय मला घेऊन पुढं बसली. चौकात मोठ्या शेतीवाल्या घरची एक बाई चढली. नुसती आमच्याजवळ येऊन उभी राहिली. कंडक्टरच बोलला, "चाल वो, माघं सरक."

"पोरीले ताप हाय," माय म्हणाली.

"मंग? ताप माघं नाई येत का?"

अख्खी गाडी हसली. मायनं मला कडेवर घेतलं, एवढ्या मोठ्या पोरीला, आणि धरत धरत मागं गेली. मी तिच्या खांद्यावरून त्या बाईकडं पाहत होते. बाई खिडकीबाहेर पाहत होती. तिला काही वाटलंच नव्हतं. हसणाऱ्यांपेक्षा तेच मला जास्त लागलं. अजून लागतं.

पण गाडी थांबत होती. जुनी होती, अपमान करत होती, पण थांबत होती.

मी शिकले. अमरावतीला खोली करून राहिले, बी.ए. केलं, आणि नव्या बससेवेच्या प्रकल्प कार्यालयात कंत्राटी लागले. जनसंवाद सहायक. नाव मोठं, काम असं की पत्रकं लिहायची, गावोगावच्या सभांची जुळवाजुळव करायची, आणि कार्यक्रम असला की माईकवर उभं राहून सूत्रसंचालन करायचं. साहेब पुण्याकडचे. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "आवाज चांगला आहे तुमचा. फक्त ते मले-तुले घरी ठेवून येत जा." मी ठेवून आले. अशी शुद्ध झाले की एकदा मायला फोनवर 'तुला' म्हटलं. ती म्हणते, "कोन बोलून राहिलं?"

साहेब वाईट नव्हते, हे पण सांगते. डब्यातलं वाटून खायचे. माझ्या मायची चौकशी करायचे. म्हणूनच सांगायला जड जातं. वाईट माणसाबद्दल बोलणं सोपं असतं.

नवी योजना आली तिचं नाव 'एक गाव, एक थांबा'. गाड्या फार ठिकाणी थांबतात म्हणून उशीर होतो, तर प्रत्येक गावाला एकच थांबा द्यायचा, तिथं छप्पर, बाकडी, दिवा. कागदावर चांगलंच दिसत होतं. थांबा कुठं, हे गावानं सभेत ठरवायचं. आमच्या गावची सभा ठरली देवळाच्या सभामंडपात. मी साहेबांना म्हटलं, "सर, शाळेत घेऊ या."

"मंडपात पंखे आहेत, माईक आहे, सावली आहे. शाळेत काय आहे?"

"आमची वस्ती मंडपात येत नाही, सर."

"का? कोणी अडवतं का अजून?" त्यांना खरंच राग आला. "मी स्वतः सगळ्यांना आत बसवतो."

त्यांना कसं सांगू? अडवत होते तेव्हा आत जाऊ दिलं नाही. मग छप्पन साली माझ्या आज्यानं घरातले देव टोपल्यात घालून नदीत सोडले. वस्तीतल्या सगळ्यांनीच सोडले. तेव्हापासून आमचा कोणी त्या पायरीवर चढला नाही. आता अडवत नाहीत, बरोबर आहे. आता आम्हीच जात नाही. ती आमची शान आहे. ही एवढी गोष्ट मी साहेबांना नीट सांगितली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देऊळ म्हणून बघू नका. हॉल म्हणून बघा."

सभा मंडपातच झाली. मला त्या दिवशी दुसरीकडं, अचलपूरला पाठवलं होतं. काय झालं ते मला बाबांनी आणि वस्तीतल्या बायांनी सांगितलं. आमचे लोक आले होते. पायऱ्यांच्या खाली, रस्त्यावर, उन्हात उभे राहिले. साहेब वरून म्हणत होते, आत या, आत या. गावातला कोणीतरी म्हणाला, "ते नाई येत साहेब. त्याइचा देव येगळा हाय." झाला हशा. बाबांनी खालूनच बोलायचा प्रयत्न केला. माही बायको आजारी हाय, वस्तीतला थांबा काढू नका. माईकची वायर मंडपाच्या बाहेर येत नव्हती. आत पंखे भन्नाट फिरत होते. कोणाला ऐकू जाणार? मग साहेब म्हणाले, चौकात थांबा हवा असलेल्यांनी हात वर करा. आतले हात वर झाले. नको असलेल्यांनी करा. बाहेरचे हात वर झाले. ते मोजलेच नाहीत. बाहेर उभी असलेली माणसं साहेबांना तमाशा पाहायला आलेली वाटली असतील, कोण जाणे.

ठराव झाला. एकमतानं.

गावातले अजून म्हणतात, तुमीच आले नाई मंडपात, आता बोंबलता कायले? मायच्या आजारपणात मला स्वतःलाही वाटलं एखाद्या वेळी, की बाबांनी चढायला पाहिजे होतं त्या चार पायऱ्या. मायला मी तसं म्हटलंही. भिंतीला टेकलेली माय सरळ बसली. म्हणाली, "माह्या जिवासाठी तुह्या बापाले झुकवू नको."

फोटो त्याच दिवशीचा. सभा संपली, प्रकल्पाचा फोटोग्राफर 'अस्सल गावकरी' शोधत होता. बाबा उंच, मिशा पांढऱ्या, चेहऱ्यावर उन्हाच्या रेघा. त्याला पसंत पडले. बाबांच्या गळ्यात नेहमी निळा गमछा असतो. फोटोग्राफर म्हणाला, "ते निळं काढा काका. फोटोत वेगळं वाटतं." काढला. कोणाची तरी पांढरी टोपी घालायला दिली. "हात वर करा. हसा." बाबा हसले. त्यानं मग घरच्याचं विचारलं, तर मायचं सगळं सांगितलं त्यांनी, दवाखाना, डायलिसिस, गाडी. फोटोग्राफरच्या सोबतच्या मुलीनं लिहून घेतलं.

रात्री मला फोन. इतके खुश. "फोटो काहाडला, सारं लिहून बी नेलं. आयकलं असन नं बाई त्याइनं?"

मी हो म्हटलं.

नवी गाडी सुरू झाली आणि आमचे हाल सुरू झाले. चौक काही लांब नाही. धडधाकट माणसाला काहीच नाही. मायला तेवढंसुद्धा चालणं होत नव्हतं. ऑटो का नाही केला, असं शहरातले लोक विचारतात. वस्तीत एकच ऑटो, तो सकाळी शाळेची पोरं घेऊन जातो. मोटरसायकलवर बसवलं एकदा, तर चक्कर येऊन पडता पडता राहिली. मग बाबा तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून ढकलत न्यायचे. पावसाळ्यात त्या रस्त्यावर वावरातली काळी माती येते, सायकल रुतून बसते. पोचेपर्यंत गाडी सुटायची. जुनी गाडी कंडक्टर ओळखीचा असला तर वाट पाहायची. नवी नाही. वेळेवर असणं हीच तिची मिजास.

म्हणून ते वस्तीपुढं खुर्ची टाकून उभे राहायचे. एखादा ड्रायव्हर थांबवेल. माणूसच आहे शेवटी. एकानं थांबवलीही होती, त्याला नोटीस मिळाली. मग कोणी थांबवेना.

मी साहेबांकडं गेले. रडले त्यांच्यापुढं, सांगायला लाज नाही. फक्त आठवड्यातून दोन दिवस, फक्त सकाळची गाडी. साहेबांनी मला पाणी दिलं. मग म्हणाले, "तुमच्या आईसाठी थांबवली, तर उद्या प्रत्येकाची आई येईल."

यायलाच पाहिजे ना. बस कोणासाठी असते मग? हे मला तेव्हा सुचलं नाही. आता सुचतं. तेव्हा मी थँक यू सर म्हणून बाहेर आले.

त्या पावसाळ्यात मायचं डायलिसिस चुकत गेलं. मी तिला अमरावतीला माझ्या खोलीवर आणणार होते. खोली वरच्या मजल्यावर, जिना लोखंडी, गोल. खालची खोली शोधत होते. आडनाव ऐकून एक-दोन घरमालकांनी खोली गेली म्हणून सांगितलं. त्यातच दिवस गेले. एका सकाळी बाबांनी खुर्ची बाहेर टाकली, मायला धरून बसवलं, पदर नीट करून दिला. गाडी आली आणि गेली. बाबा गाडीमागं धावले थोडे. परत आले तर माय खुर्चीत वाकडी झाली होती. गेली होती.

माझी माय रस्त्याच्या कडेला मेली. खुर्चीत. पिशवी मांडीवर.

साहेबांनी स्वतः रजा मंजूर केली. फोनवर म्हणाले, "काही लागलं तर सांगा."

नंतर योजनेचा मोठा कार्यक्रम ठरला. अमरावतीचं सभागृह, पाहुणे, पत्रकार. सूत्रसंचालन मीच करायचं. आणि फोटोवरच्या लाभार्थ्यांचा सत्कार. शाल, श्रीफळ. बाबांना आणायला प्रकल्पाची जीप वस्तीत गेली. थेट दारात. बाबा मला न विचारताच निघाले. गमछा घरी ठेवला, तशीच एक पांढरी टोपी घातली. जीपवाल्यानं सांगितलं होतं, फोटोतल्यासारखेच या म्हणून.

मला ते थेट स्टेजच्या बाजूलाच दिसले. आणि त्याच वेळी साहेबांनी माझ्या हातात वाचायचा कागद दिला. बाबांचं नाव, गावाचं नाव, आणि पुढं, 'यांच्या पत्नी किडनीच्या आजाराने त्रस्त असून आता नव्या बसमुळे त्या वेळेवर उपचारासाठी पोहोचतात.'

मी म्हटलं, "सर, माझी आई वारली. तुम्हीच रजा दिली."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे हो. सॉरी, सॉरी. तो भाग गाळा. बाकी वाचा."

मी माईकपुढं गेले. समोर सगळे खुर्च्यांवर. बाबा स्टेजवर आले, एका पाहुण्यानं शाल टाकली, नारळ दिला. बाबा हात जोडून उभे. कागद माझ्या हातात. मी तोंड उघडलं आणि शुद्ध भाषा आलीच नाही. साफ गेली.

"हा माहा बाप हाय," मी म्हटलं. "ही बस त्याच्यासाठी थांबत नाई. माही माय ह्याच बसची वाट पाह्यत रस्त्यावर मेली. हे लिहेल हाय ते खोटं हाय. मी वाचत नाई."

माईक बंद झाला. मागच्या रांगेत कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमात टाळ्या वाजवायची सवय असते लोकांना. पुढचे एकमेकांकडं पाहायला लागले. साहेब हसत हसत पुढं आले, माझ्या दंडाला धरून मला बाजूला केलं, आणि दुसऱ्या कोणीतरी पुढचं नाव वाचलं. बस, एवढंच. मला वाटलं होतं आभाळ फाटेल. काही फाटलं नाही.

बाबा साहेबांपुढं वाकून म्हणत होते, "पोरगी हाय साहेब. माय गेली तिची. मनावर घेऊ नका." नारळ छातीशी धरून. माझ्यासाठी माफी मागत होता माझा बाप.

बाहेर आलो. आवारात एका झाडाच्या ओट्यावर बसलो. मला वाटलं, बाबा मला जवळ घेतील. ते रडत होते. म्हणाले, "मी इचारनारच व्हतो गं. सत्कार झाला की साहेबाले इचारनार व्हतो थांब्याचं. शेजारची सून पोटुशी हाय, तिले कसं नेतीन? म्हनून तर आलो मी. तुनं मधातच घोळ केला."

मी काय करू? कुठं तोंड लपवू? त्या माणसानं टोपी घातली होती, गमछा घरी ठेवला होता, बायकोच्या मरणावर शाल घेतली होती, एक प्रश्न विचारायला मिळेल म्हणून. आणि तो प्रश्न मी खाल्ला. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला. येणारेजाणारे पाहत होते. पाहू दे.

मग त्यांनी विचारलं, "आता थांबन का गं बस?"

"नाई बाबा," मी म्हटलं. "इचारून नाई थांबत ते."

नोकरी गेली. फोनवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मी गावी आले. वस्तीतल्या बायांना सगळं सांगितलं, काही न लपवता. मग शेजारची ती पोटुशी सूनच म्हणाली, "मंग बसू नं रस्त्यावर. तसंही पायीच जा लागते."

सोमवारी सकाळी आम्ही बसलो. डांबरावर, आडवे. बाया, बुढे, कडेवर पोरं. गाडी थांबली. थांबावीच लागली. हॉर्न वाजवला, ड्रायव्हर उतरला, शिव्या दिल्या. पोलीस आले, उठवून बाजूला केलं. पुढच्या सोमवारी पुन्हा बसलो. बाबा पहिल्या दिवशी आले नाहीत, घरात बसून राहिले. दुसऱ्या सोमवारी आले. माझ्या शेजारी बसले.

साहेबांचा निरोप आला. माफीचं पत्र दिलं तर कामावर परत घेण्याचा विचार होईल. थांब्याचा विषय पुढच्या सभेत मांडू. सभा मंडपात. निरोप आणणारा ओळखीचा होता, समजुतीनं बोलत होता. म्हणाला, "ताई, गाडीत लोक आहेत. कोणाला कॉलेजला जायचं, कोणाला कोर्टात. सगळ्यांचा खोळंबा होतो. किती वेळ बसणार तुम्ही?"

पत्र देत नाही. मंडपात येत नाही. ज्या वस्तीचा थांबा काढला, सभा त्या वस्तीत घ्या, आणि आमचे हात मोजा. त्याच्याशिवाय उठत नाही. आणि किती वेळ बसणार म्हणून विचारत असाल, तर ऐका. घाई माझ्या मायला होती. तिला वेळेवर पोचायचं होतं. मले आता कुठंच पोचायचं नाई.